जुन्या बुलेटला हायड्रॉलिक क्लच बसवताना: मोजमापापासून एअर काढेपर्यंत

जुनी कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट मोकळ्या रस्त्यावर कितीही गोड चालली, तरी संध्याकाळच्या गर्दीत ती डाव्या हाताची परीक्षा बघते. अर्ध्या तासात बोटं आखडतात. या त्रासावर हायड्रॉलिक क्लच, म्हणजे वायरऐवजी तेलाच्या दाबाने चालणारा क्लच, हा चांगला उपाय आहे आणि थोडा संयम असेल तर तो घरच्या अंगणात बसवता येतो. पण पैसे खर्चून निराश झालेले बुलेटवाले मला बरेच भेटतात. बहुतेकांची गोष्ट एकच असते: किट आधी घेतलं, मोजमाप नंतर केलं. हा लेख त्यांच्यासाठी, आणि अजून किट न घेतलेल्यांसाठी तर नक्कीच.

मी लिहितोय ते उजव्या पायाला गिअर असलेल्या, चार गिअरच्या बुलेटबद्दल, ३५० असो वा ५००. १९५५ साली मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बुलेट तयार होऊ लागली, त्यानंतर कित्येक दशकं तिच्या क्लचची मूळ रचना तीच राहिली. नव्या युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) बुलेटची मांडणी वेगळी आहे. तिला यातली मापं लावू नका.

रचना अशी. हँडलवरची लिव्हर क्लच वायर ओढते. वायर डाव्या हँडलवरून निघते, टाकीखालून आडवी जाते आणि उजवीकडे गिअरबॉक्सच्या झाकणात शिरते. तिथे आत एक छोटी लिव्हर आहे. ती पुशरॉड ढकलते. पुशरॉड पोकळ मेनशाफ्टमधून पार डावीकडे जातो आणि चेनकेसमधल्या (प्रायमरी कव्हरखालच्या) क्लचची प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या जोराविरुद्ध उचलतो.

हायड्रॉलिक किट यातली फक्त हँडलपासून गिअरबॉक्सपर्यंतची लांब वायर बदलतं. त्यापुढची आतली लिव्हर, पुशरॉड, प्लेटा, स्प्रिंगा सगळं तसंच राहतं. म्हणून क्लच चिकटत असेल, स्लिप होत असेल किंवा गिअर खडखडत पडत असतील, तर हायड्रॉलिकने त्यातलं काहीही बरं होणार नाही. उलट दोष झाकला जाईल आणि नंतर शोधायला दुप्पट वेळ लागेल.

१. आधी वायरवरचा क्लच बरोबर करा

ही पायरी गाळू नका. निम्म्या वेळा क्लच जड असण्याचं कारण इथेच सापडतं आणि किटची गरजच उरत नाही.

वायर काढा. आतली तार बोटांनी मागेपुढे करून बघा. कुठे अडकत असेल, कव्हर दबलं असेल, तारेचा एखादा धागा तुटला असेल तर नवी वायर टाका. वायर चांगली असेल तर उभी टांगून वरून पातळ तेल सोडा, खालून थेंब गळेपर्यंत. आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या वायरीला मात्र तेल घालू नका.

हँडलवरच्या लिव्हरमध्ये एक माप बघण्यासारखं आहे: लिव्हर ज्यावर फिरते त्या खिळीच्या मध्यापासून वायरीच्या टोकाच्या गोळीच्या, म्हणजे निपलच्या, मध्यापर्यंतचं अंतर. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या लिव्हर साधारण २२ मिमी आणि २७ मिमी अशा दोन मापांत येतात. अंतर कमी तेवढा क्लच हलका, पण वायरही कमी ओढली जाते. तुमच्या गाडीला कुणी २७ची लिव्हर लावली असेल तर २२ची लावून बघा. शंभरदोनशे रुपयांच्या वस्तूने काम भागलं तर उत्तमच.

मग चेनकेस उघडा. बुलेटचं प्रायमरी कव्हर मधल्या एकाच मोठ्या नटावर बसतं, त्यामुळे काम सोपं आहे. खाली तेलासाठी परात ठेवा. क्लचच्या ड्रमच्या खाचा बोटाने चाचपून बघा. प्लेटांच्या कानांनी खाचांच्या कडांवर दातेरी खड्डे पाडले असतील तर प्लेटा त्यात अडकून बसतात आणि क्लच पूर्ण सुटत नाही. खड्डे उथळ असतील तर बारीक कानशीने कडा सरळ करता येतात, खोल असतील तर ड्रम बदलावा लागतो. पुशरॉड काचेवर लोळवून बघा. वाकडा असेल तर लगेच डुगडुगतो. त्याची टोकं ठोकून चपटी झाली असतील किंवा निळी पडली असतील तर नवा घ्या.

शेवटी कुणाला तरी क्लच दाबायला सांगून प्रेशर प्लेट समोरून बघा. ती सगळीकडून सारखी उठली पाहिजे. एका बाजूने तिरकी उठत असेल तर स्प्रिंगा थकल्या आहेत. एक स्प्रिंग बदलून भागत नाही, पूर्ण संच बदला.

२. तीन मापं घ्या आणि कागदावर लिहा

पहिलं माप: वायरची एकूण चाल. गिअरबॉक्सच्या उजव्या झाकणावरचं छोटं तपासणीचं झाकण काढलं की आतली लिव्हर दिसते. मदतनीसाला क्लच पूर्ण दाबायला सांगा आणि वायर किती मिलिमीटर सरकते ते कॅलिपरने मोजा.

दुसरं माप जास्त महत्त्वाचं: क्लच प्रत्यक्ष कुठे सुटतो? याची युक्ती सोपी आहे. जुन्या बुलेटची किक क्लचमधूनच इंजिन फिरवते. गाडी डबल स्टँडवर, इग्निशन बंद, गिअर न्यूट्रलला. किकवर हाताने हळूहळू दाब द्या, ती कॉम्प्रेशनवर अडेल. आता मदतनीसाला क्लच अगदी सावकाश दाबायला सांगा. ज्या क्षणी किक इंजिन न फिरवता खाली जाऊ लागते, तिथे थांबवा आणि वायरची चाल मोजा. सुरुवातीचा फ्री प्ले, म्हणजे ताण येण्याआधीची ढिलाई, त्यातून वजा करा. उरलेल्या आकड्यात एक-दोन मिलिमीटर राखीव मिळवा, कारण गरम क्लचला थोडं जास्त उचलावं लागतं. ही तुमची गरजेची चाल.

तिसरं: लिव्हरच्या टोकापासून अडीच सेंटीमीटर आत साधा स्प्रिंग काटा अडकवून ओढा आणि क्लच सुटताना किती किलो दाखवतो ते लिहा. काम झाल्यावर हाच काटा पुन्हा त्याच जागी लावायचा आहे. हाताच्या अंदाजावर विसंबू नका. नवीन वस्तू लावली की ती हलकीच वाटते.

३. पंप आणि स्लेव्हचं गणित

किट घेण्याआधी हे दहा मिनिटांचं गणित करा. माझ्या मते या संपूर्ण कामात सगळ्यात मोलाची दहा मिनिटं हीच.

हँडलवरचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पंप, ठरावीक तेल ढकलतो. तेवढंच तेल खालच्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन सरकवतं. तेल दाबून लहान होत नाही, म्हणून पंपाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ गुणिले त्याची चाल, बरोबर स्लेव्हचं क्षेत्रफळ गुणिले स्लेव्हची चाल. क्षेत्रफळ काढायला व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५.

समजा पंपाचा बोर १२ मिमी आहे आणि पिस्टनची कामाची चाल ११ मिमी. क्षेत्रफळ ११३ चौरस मिमी, म्हणजे एका दाबात साधारण १,२४३ घन मिमी तेल. गरजेची चाल ९ मिमी निघाली असेल तर १,२४३ भागिले ९, म्हणजे स्लेव्हचं क्षेत्रफळ जास्तीत जास्त १३८ चौरस मिमी चालेल.

इथे एक बारीक गोष्ट निसटते. वायर ओढणाऱ्या स्लेव्हमध्ये तेल बहुधा पिस्टनच्या त्या बाजूला असतं जिथून दांडी बाहेर येते. मग दांडीची जागा वजा करावी लागते. १४ मिमी बोर आणि ६ मिमी दांडी असेल तर १५४ वजा २८, म्हणजे १२६ चौरस मिमी. चाल मिळते ९.९ मिमी. छान जमलं.

आता समजा विक्रेत्याने १८ मिमीचा स्लेव्ह दिला आणि सांगितलं की हा लावा, क्लच लोण्यासारखा होईल. होईलही. दांडी वजा जाता उरलेल्या २२६ चौरस मिमी क्षेत्रफळामुळे जोर १४च्या तुलनेत सुमारे १.८ पट मिळेल, पण चाल फक्त ५.५ मिमी. क्लच एका बोटाने दाबला जाईल आणि सुटणारच नाही. पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, गाडी पुढे रेटते. मग सगळे एअर, म्हणजे तेलात अडकलेली हवा, काढत बसतात आणि दोष एअरचा नसतोच.

हायड्रॉलिकमध्ये जोर फुकट मिळत नाही. चाल देऊन जोर विकत घ्यावा लागतो. खरा फायदा होतो तो वळणावळणाच्या वायरीचं घर्षण गेल्याचा, आणि तो जुन्या वायरीच्या गाडीवर चांगलाच जाणवतो. चालीचा जो काही राखीव भाग उरेल, तेवढ्याचंच रूपांतर हलकेपणात करा.

४. किट, कागद आणि हत्यारं

बाजारात दोन प्रकार दिसतात. एक, जर्मनीच्या मागुरा कंपनीच्या हायमेकसारखा तयार संच, ज्यात पंप, नळी आणि वायर ओढणारा स्लेव्ह जुळवून दिलेला असतो. दोन, ऑनलाइन मिळणारे कुठल्याही गाडीसाठीचे संच. दुसरा घ्यायला हरकत नाही, पण बोर आणि चाल लिहून देत नसतील तर घेऊ नका.

डिस्क ब्रेकचा पंप क्लचला लावायचा मोह अनेकांना होतो. तो उजव्या हाताचा असतो. डावीकडे फिरवून लावला की तेलाची कुपी उलटी होते किंवा लिव्हर भलतीकडे जाते. डाव्या हाताचाच पंप हवा. बुलेटच्या हँडलची नळी २२ मिमीची असते, क्लॅम्प त्याच मापाचा बघा.

तेलाच्या बाबतीत अजिबात तडजोड नको. काही संच डॉट ४ ब्रेक ऑइलवर चालतात, काही मिनरल ऑइलवर. मागुराचे हायमेक मिनरलवर चालतात. दोन्हींचे रबरी सील वेगळ्या जातीचे असतात. ब्रेक ऑइलच्या सीलला मिनरल ऑइल लागलं तर ते फुगतात आणि पिस्टन अडकतो. कुपीच्या झाकणावर लिहिलेलं असतं तेच तेल, सीलबंद बाटलीतलं. नळी आणि पंपही एकदा एका तेलाला वापरले की दुसऱ्याला वापरू नका.

जवळ काय काय असावं:

- तुमच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल आणि किटसोबतचा कागद (आवळण्याचे आकडे यातलेच घ्या)
- दुसऱ्या पायरीतला मापांचा कागद
- डिजिटल कॅलिपर, स्प्रिंग काटा
- रिंग पाने, ॲलन की, चांगला स्क्रू ड्रायव्हर, टॉर्क पाना
- ५० मिलीची सिरिंज आणि स्लेव्हच्या एअर काढायच्या निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी
- बँजो बोल्टसाठी (तेलाची नळी पंपाला आणि स्लेव्हला जोडणारे पोकळ बोल्ट) नवे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर, दोनचार जास्तीचे
- तपासणी झाकणाचं नवं गॅस्केट, प्रायमरी कव्हरचं सील
- जुनी चादर, पाण्याची बादली आणि स्वच्छ फडकी

बादली विनाकारण लिहिलेली नाही. ब्रेक ऑइल रंग खातं. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने मारलेल्या असतात, एक थेंब पडून राहिला तर त्या परत तशा होत नाहीत. टाकी काढून घरात ठेवलेली सगळ्यात बरी. थेंब पडलाच तर पुसू नका, आधी भरपूर पाणी ओता.

५. हँडलवर पंप बसवणं

डाव्या हँडलवर बुलेटला आधीच गर्दी असते: डिकॉम्प्रेसरची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) लिव्हर, डिपर, हॉर्न, आरसा. सगळं आधी सैल जागेवर लावून बघा आणि मगच आवळा. डिकॉम्प्रेसर अंगठ्याच्या आवाक्यात राहिलाच पाहिजे.

हँडल सरळ असताना तेलाची कुपी सपाट असावी. दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. नळी टाकीवर घासते का, कुपी टाकीला लागते का. पंपाचं क्लॅम्प लिव्हर आपटल्यावर फिरेल इतपतच आवळा. गाडी पडली तर फिरलेला पंप परत सरळ करता येतो, तुटलेला येत नाही.

६. स्लेव्ह, ब्रॅकेट आणि छोटी वायर

इथे लेथवाल्याची मदत घ्या. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, पुण्यात नाना पेठेच्या आसपास अशी कामं करणारे हात आहेत. त्यांना नमुना म्हणून जुन्या वायरीचं गिअरबॉक्सकडचं टोक आणि स्लेव्ह दोन्ही द्या.

स्लेव्ह गिअरबॉक्सच्या जितका जवळ तितकं बरं, म्हणजे मधली वायर वीतभरच राहते. ब्रॅकेट किमान ५ मिमी जाड लोखंडी पट्टीचं करा. पातळ पत्र्याचं ब्रॅकेट क्लच दाबताना वाकतं, आणि ते जेवढं वाकेल तेवढी चाल वाया जाते. आपण तर एकेक मिलिमीटर मोजून घेतलाय. बसवल्यावर क्लच दाबून ब्रॅकेटवर नजर ठेवा, हललेलं दिसता कामा नये. स्लेव्ह, वायर आणि गिअरबॉक्सचं भोक एका रेषेत हवं, आणि एअर काढायचं निपल स्लेव्हच्या सगळ्यात वरच्या भागी. निपल खाली राहिलं तर आतली हवा कधीच निघणार नाही.

छोट्या वायरीचं टोक स्क्रूने आवळायच्या तात्पुरत्या निपलवर सोडू नका. ते ऐन चढावर सुटतं. तारेचं टोक पितळी निपलमधून ओवा, बाहेर आलेले धागे फुलासारखे पसरवा, ॲसिड-फ्लक्स नीट धुवून काढता येईल अशा बेताने लावा आणि सोल्डर आतपर्यंत उतरू द्या. थंड झाल्यावर व्हाइसमध्ये धरून जोरात ओढून बघा.

७. नळी

स्टीलच्या जाळीची नळी घ्या, साधी रबरी नळी दाबाने फुगते. बँजो बोल्ट १० मिमीचे असतात, पण आट्यांमध्ये १.० आणि १.२५ असे दोन प्रकार आहेत. डोळ्यांना फरक दिसत नाही. बोल्ट हाताने पाच-सहा आटे सहज गेला तरच तो बरोबर. दुसऱ्या आट्यालाच पाना लागला तर थांबा, नाहीतर पंपाचे आटे जातील. प्रत्येक बँजोच्या दोन्ही बाजूंना नवा वॉशर. नळी सिलिंडरच्या पंख्यांपासून आणि एक्झॉस्टपासून लांब ठेवा.

८. तेल भरणं आणि एअर काढणं

क्लचच्या पंपात तेल थोडं असतं आणि नळी उभी असते, म्हणून वरून पंप मारून एअर काढायला फार वेळ लागतो. हवेला वर जायचं असतं, तिला वरच जाऊ द्या. सिरिंजने खालून भरा.

कुपीचं झाकण काढा, भोवती ओलं फडकं गुंडाळा. स्लेव्हचा पिस्टन पूर्ण विश्रांतीच्या जागी असू द्या. सिरिंजमध्ये तेल भरून नळीतली हवा आधीच काढून टाका, नळी निपलवर चढवा, निपल अर्धा आटा सैल करा आणि अगदी सावकाश ढकला. कुपीत बुडबुडे येतील, मग नुसतं तेल. कुपी भरत आली की वरून दुसऱ्या सिरिंजने काढून घ्या. बुडबुडे थांबले की निपल बंद करा.

आता लिव्हर हळूहळू, जेमतेम अर्धा सेंटीमीटर दाबत-सोडत राहा आणि कुपीत बघा. पंपाच्या तळाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्यातून तेलाची बारीक उकळी वर येताना दिसली पाहिजे. हे भोक नीट ओळखून ठेवा, पुढच्या पायरीत सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. नळीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके टिचके मारा, अडकलेले बुडबुडे सुटतात.

पंपाजवळचा बँजो हा सगळ्यात उंच कोपरा, तिथे थोडी हवा राहते. फडकं धरून लिव्हर दाबा, बँजो बोल्ट पाव आटा सैल करा, तेल झिरपलं की आवळा आणि मगच लिव्हर सोडा. तरीही लिव्हर स्पंजासारखी वाटत असेल तर ती हँडलला रबराने बांधून रात्रभर ठेवा आणि सकाळी सावकाश सोडा.

कुपी काठोकाठ भरू नका. प्लेटा झिजतात तसा पुशरॉड उजवीकडे सरकतो आणि स्वतः जुळवून घेणाऱ्या स्लेव्हमधलं तेल वर कुपीत परत येतं. त्याला जागा हवी. म्हणून ब्रेकच्या उलट, क्लचच्या कुपीत तेल कालांतराने वाढलेलं दिसतं.

९. ॲडजस्टमेंट

क्रम चुकवू नका: आधी पुशरॉड, मग स्लेव्ह, शेवटी पंप.

पुशरॉड. स्लेव्हची वायर पूर्ण सैल करा. तपासणी झाकणातून आतल्या लिव्हरचा लॉकनट सैल करा, स्क्रू पुशरॉडला हलकेच टेकेपर्यंत आत घ्या आणि थोडा मागे आणा. लिव्हरच्या वायरीकडच्या टोकाला साधारण दीड मिलिमीटर ढिलाई मिळाली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू धरून ठेवा, तो सोबत फिरतो. आवळल्यावर ढिलाई पुन्हा तपासा.

स्लेव्ह. इथे तुमचा स्लेव्ह कोणत्या जातीचा ते बघा. आत हलकी स्प्रिंग असेल आणि ती वायर सतत किंचित ताणून ठेवत असेल, तर तो झीज स्वतः जुळवून घेतो. पण त्यासाठी पिस्टनला विश्रांतीच्या दिशेने सरकायला काही मिलिमीटर मोकळी जागा लागते. वायर अशी लावा की पिस्टन टोकाला टेकलेला नसेल. तो टोकाला टेकला असेल तर प्लेटा झिजल्यावर वायर ताठ होईल आणि क्लच स्लिप होऊ लागेल. अशी स्प्रिंग नसेल तर वायरीवर दीड मिलिमीटरचा फ्री प्ले ठेवावाच लागतो, आणि तो दर हजारेक किलोमीटरला बघावा लागतो, अगदी जुन्या वायरीसारखाच. दुकानात हा फरक सहसा कुणी सांगत नाही.

पंप. लिव्हर आणि पिस्टन यांच्यात सुमारे एक मिलिमीटर मोकळं अंतर हवं. बोटांना लिव्हर जवळ हवी म्हणून अनेकजण ॲडजस्टरचा स्क्रू आत घेतात आणि पिस्टन किंचित दाबलेलाच राहतो. मग ते सुईच्या टोकाएवढं भोक झाकलं जातं. गाडी थंड असताना सगळं ठीक. वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर तेल तापून फुगतं, त्याला कुपीत परत जायची वाट नसते, स्लेव्ह आपोआप ओढला जातो आणि क्लच अर्धवट दाबल्यासारखा स्लिप होऊ लागतो. गाडी थांबवून चहा घेतला की पुन्हा बरी. अशा गाडीत लोक प्लेटांचा नवा संच टाकतात आणि दोष तसाच राहतो. ॲडजस्टमेंटनंतर झाकण काढून लिव्हर जरा दाबा. बारीक उकळी दिसली तर भोक उघडं आहे.

आता स्प्रिंग काटा काढा आणि जुन्या आकड्याशी ताडून बघा. वायरची चालही पुन्हा मोजा. गणितापेक्षा मिलिमीटरभर कमी निघाली तर ब्रॅकेट किंवा थोडी उरलेली हवा. दोन-तीन मिलिमीटर कमी असेल तर पुन्हा एअर काढा.

१०. रस्त्यावर नेण्याआधी

गाडी डबल स्टँडवर घ्या, चालू करून पाच मिनिटं तापू द्या. क्लच दाबून पहिला गिअर टाका, म्हणजे पायाने वर. मागचं चाक सावकाश फिरेल. तेलाच्या चिकटपणामुळे ते फिरतंच. मागच्या ब्रेकने हलकेच थांबवलं की थांबलं पाहिजे आणि इंजिन दबता कामा नये.

पहिली फेरी घराजवळची. मग एखादा घाट, पुण्याकडच्यांना कात्रज जवळ आहे. चौथ्या गिअरमध्ये चढावर थ्रॉटल उघडा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग तेवढाच राहिला तर क्लच स्लिप होतोय. लगेच थ्रॉटल सोडा आणि नववी पायरी पुन्हा करा. त्यानंतर मुद्दाम अर्धा तास गर्दीत चालवा आणि गरम असतानाच फ्री प्ले बघा. थंड आणि गरम यांत ठळक फरक पडला तर पंपाचं ते भोकच आधी तपासा.

पहिल्या आठवड्यात रोज सकाळी बँजो, निपल आणि स्लेव्हच्या रबरी टोपीखाली बोट फिरवा. ओलसर लागलं तर वॉशर बदला, बोल्ट आणखी जोरात आवळू नका.

११. देखभाल, आणि रस्त्यात काही झालं तर

डॉट ४ हवेतली ओल शोषून घेतं. दोन वर्षांनी ते पूर्ण बदला. कोकणात राहत असाल तर पावसाळा संपल्यावर रंग बघा, चहासारखा गडद झाला असेल तर वाट पाहू नका. छोट्या वायरीला दर सर्व्हिसला तेलाचे दोन थेंब.

जुनी लिव्हर, जुनी वायर आणि तिचा ॲडजस्टर फेकू नका. तेल लावून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि लांबच्या प्रवासात सोबत ठेवा. ब्रॅकेट करताना जुना ॲडजस्टर परत बसेल अशी सोय ठेवली असेल, तर रस्त्याच्या कडेला अर्ध्या-पाऊण तासात गाडी वायरवर परत येते.

तेवढाही वेळ नसेल आणि तेल संपूर्ण गळून गेलं असेल, तर बुलेट क्लचशिवाय घरी आणता येते. रस्ता मोकळा असेल तरच. न्यूट्रलमध्ये चालू करा, पायाने ढकलत थोडा वेग येऊ द्या आणि पहिला गिअर टाका. पुढचे गिअर थ्रॉटल क्षणभर सोडून, इंजिनवरचा ताण गेला की पायाने हलकेच टाका. थांबायचं असेल तेव्हा आधीच ठरवा: पहिल्या गिअरवर येऊ नका, दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात असतानाच थ्रॉटल सोडून टाचेने न्यूट्रल फाइंडर (थेट न्यूट्रलला आणणारी छोटी लिव्हर) दाबा. तो पहिल्या गिअरमधून चालत नाही, बाकी सगळ्यांतून चालतो.